कुलूप, किल्ली आणि सामान्य माणूस

सामान्य माणसाला इंटरनेटवर आपले खाजगीपण आणि आपली पुंजी सांभाळता येते काय, असा प्रश्न हल्ली वारंवार विचारला जातो, आणि त्याची दोन उत्तरे तयारच असतात. एक पक्ष म्हणतो, सगळे आपल्याच हातात आहे, थोडी सावधगिरी बाळगा म्हणजे झाले. दुसरा पक्ष हात झटकून मोकळा होतो. ज्यांना पाहावयाचे ते पाहणारच, ज्यांना लुटावयाचे ते लुटणारच, आपण कशाला डोके शिणवा? पहिल्या उत्तरात फसलेल्या माणसावरच सगळा दोष ढकलण्याची सोय आहे, तर दुसऱ्यात आळसाला तत्त्वज्ञानाचा मुलामा दिलेला आहे. खरे उत्तर 'कोणापासून?' ह्या प्रतिप्रश्नावर अवलंबून आहे. दाराला कुलूप लावले की भुरट्या चोरापासून रक्षण होते. नेमके आपलेच घर हेरून आलेल्या दरोडेखोरापासून होईलच असे नाही. आणि ज्याच्या तिजोरीत आपण दागिने ठेवावयास दिले त्याचीच तिजोरी फुटली, तर आपल्या दाराचे कुलूप बिचारे काय करणार?

आधी खाजगीपणाविषयी थोडे. 'खासगी' हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला आणि मराठी राज्यात तो राजघराण्याच्या स्वतःच्या मिळकतीला व खर्चाला लावीत. रयतेला कसली आली खासगी? महालातल्या नाही तर इतवारीतल्या जुन्या वाड्यात चार बिऱ्हाडे एका अंगणात नांदत, आणि कोणाकडे कोण पाहुणा आला, तो किती दिवस राहिला, हे साऱ्या वाड्याला ठाऊक असे. १८७९ साली हिंदुस्थानात पोस्टकार्ड सुरू झाले. त्यावरचा मजकूर पोस्टमनने वाचावा, शेजाऱ्याने वाचावा आणि शेवटी ज्याचे त्याला मिळावा, ह्यात कोणाला फारसे वावगे वाटले नाही. आमच्या संस्कृतीत खाजगीपण नव्हतेच, असे म्हणणारे ह्याच गोष्टींचा दाखला देतात. तो दाखला अपुरा आहे. लग्नाच्या बोलणीचे, कर्जाचे किंवा आजाराचे पत्र कोणी कार्डावर लिहीत नसे. त्याला पाकीटच लागे. कोणती गोष्ट कार्डावर आणि कोणती पाकिटात, हे ठरविण्याचा अधिकार लिहिणाऱ्याचा होता. खाजगीपण म्हणजे लपवाछपवी नव्हे, हा ठरविण्याचा अधिकार म्हणजे खाजगीपण.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने हा अधिकार मूलभूत असल्याचा निर्णय दिला. कर्नाटकाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी ह्यांच्या अर्जावरून तो खटला चालला. १९५४ च्या व १९६२ च्या जुन्या निकालांतील ह्याविरुद्धची विधाने त्याने रद्द केली. त्या नऊ जणांत आपल्या नागपूरचे शरद अरविंद बोबडे होते. ह्याच शहरात ते कायदा शिकले, इथल्याच खंडपीठापुढे त्यांनी वकिली केली, आणि पुढे २०१९ मध्ये ते सरन्यायाधीश झाले. त्या निकालात त्यांनी आपले स्वतंत्र मतही लिहिले. जी खासगी एके काळी राजवाड्यापुरती होती, ती अशा रीतीने कायद्याने घरोघरी पोहोचली. कागदावर पोहोचली, एवढे मात्र जोडले पाहिजे.

आता पाकिटाची, म्हणजे कुलपाची गोष्ट. मजकूर असा लिहावा की तो भलत्याच्या हाती पडला तरी त्याला कळू नये, ही कल्पना विदर्भाला नवी नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे महानुभावांचे लीळाचरित्र सिद्ध झाले. पुढे पंथाने आपले ग्रंथ परक्यांच्या दृष्टीपासून राखण्यासाठी सांकेतिक लिप्या योजिल्या. त्यांपैकी सकळ लिपी रवळोव्यासांनी सिद्ध केली असे सांगतात. सुंदरी ही दुसरी. ह्या लिप्यांचे तत्त्व साधे होते. एका अक्षराऐवजी ठरलेले दुसरे अक्षर किंवा चिन्ह लिहावयाचे. एवढ्या साध्या युक्तीने मराठीतले आद्य गद्य शतकानुशतके बाहेरच्या वाचकाला बंद राहिले, आणि वि. का. राजवाडे, वि. ल. भावे, यवतमाळचे य. खु. देशपांडे ह्यांच्यासारख्या अभ्यासकांच्या प्रयत्नांनी ते विसाव्या शतकात उजेडात आले. ह्या लिपीची एक उणीव होती. संकेत एकदा फुटला की त्या लिपीतले सर्व ग्रंथ एकदमच उघडे पडतात.

१८८३ मध्ये केर्कहोफ्स नावाच्या भाषापंडिताने ह्यावरचे सूत्र मांडले. कुलपाची घडण सर्वांना ठाऊक असली तरी बिघडत नाही, गुप्त राहावी ती फक्त किल्ली. बाजारात एकाच घडणीची हजारो कुलपे विकली जातात, म्हणून काही कोणी दुसऱ्याचे घर उघडू शकत नाही. पण किल्ली परगावच्या माणसाला पाठवावयाची कशी, ही अडचण उरलीच, कारण तीच वाटेत चोरली गेली तर सगळेच संपले. १९७६ साली डिफी आणि हेलमन ह्या दोघा अमेरिकन संशोधकांनी तिच्यावर तोड काढली. तिची कल्पना अशी येईल. समजा, एक गृहस्थ आपली उघडी कुलपे गावभर वाटतो आणि त्यांची एकुलती एक किल्ली स्वतःच्या जानव्याला बांधून ठेवतो. ज्याला त्याच्याकडे निरोप धाडावयाचा असेल त्याने तो पेटीत घालावा, त्याचेच कुलूप दाबून लावावे आणि पेटी वाटेल त्याच्या हाती पाठवावी. लावणाऱ्यालाही ते कुलूप मग उघडता येत नाही. प्रत्यक्षात कुलपाच्या जागी अगडबंब संख्यांचे गणित असते. व्हॉट्सॲपने २०१६ च्या एप्रिलपासून सर्व निरोपांना ह्याच जातीचे कुलूप लावले आहे. पूर्वी वकिलातींनाही दुर्मीळ असलेली गुप्तता आज सीताबर्डीवर भाजी घेणाऱ्या बाईच्या पिशवीतल्या मोबाइलमध्ये आहे, आणि तिला त्यासाठी काही करावे लागलेले नाही. अर्थात पाकिटावरचा पत्ता झाकला जात नाही. कोण कोणाशी, केव्हा आणि किती वेळा बोलले हे टपाल नेणाऱ्याला दिसतेच.

मग लोक लुटले जातात कसे? कुलूप फोडून नव्हे. किल्ली मागून घेऊन.

असे समजा, धरमपेठेतील एका निवृत्त शिक्षकांना दुपारी फोन येतो. बोलणारा हिंदीत, दरडावून, स्वतःला मुंबईचा पोलीस अधिकारी म्हणवितो. तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले आहेत, तुमच्या आधार क्रमांकावर काळ्या पैशाचे खाते उघडले आहे, चौकशी संपेपर्यंत तुम्ही घरातच 'डिजिटल अटकेत' आहात, कॅमेऱ्यासमोरून हलावयाचे नाही, कोणाशी बोलावयाचे नाही. पडद्यावर गणवेश दिसतो, मागे पोलीस खात्याचे चिन्ह दिसते. दोन दिवसांनी मास्तर आपल्या हाताने मुदतठेव मोडतात आणि 'तपासणीसाठी' पैसे दुसऱ्या खात्यात भरतात. ह्यात कोठेही संगणकविद्या नाही. हे भयाचे आणि एकटे पाडण्याचे शास्त्र आहे. डिजिटल अटक नावाची कोणतीही गोष्ट भारताच्या कायद्यात नाही, पोलीस व्हिडिओवरून अटक करीत नाहीत आणि पैसे भरावयास सांगत नाहीत. एवढे एक वाक्य माहीत असते तर मास्तर वाचले असते, असे आपण म्हणू. माझा अनुभव असा की माहिती असूनही माणूस घाबरतो. म्हणून माहितीपेक्षा सवय महत्त्वाची. घाई करणारा आणि 'कोणाला सांगू नका' म्हणणारा फोन आला की तो ठेवावा, आणि पहिले काम म्हणून घरातल्या कोणाला तरी सांगावे. सुनेला, शेजारच्या काकूंना, कोणालाही. एकटेपण मोडले की डाव मोडतो.

ह्याच जातीची आणखी एक क्लृप्ती. तुम्हाला पैसे पाठवतो आहे, घेण्यासाठी यूपीआयचा पिन टाका, असे सांगितले जाते. पिन लागतो तो पैसे देण्यासाठी, घेण्यासाठी कधीच लागत नाही. ओटीपी म्हणजे त्या एका व्यवहारापुरती घडविलेली किल्ली. ती बँकेचा माणूसही मागत नाही, कारण तिचे दुसरे टोक बँकेकडे असतेच.

पासवर्डविषयी थोडे गणित केले पाहिजे, कारण लोकांची समजूत नेमकी उलटी असते. इंग्रजीची लहान अक्षरे २६. आठ अक्षरांचा शब्द घ्या, त्यांच्या एकंदर २० हजार ८८२ कोटी जुळण्या होतात. संख्या प्रचंड वाटते, पण सेकंदाला १०० कोटी जुळण्या तपासणारे यंत्र ती साडेतीन मिनिटांत संपविते. अक्षरे बारा केली की त्याच यंत्राला तीन वर्षे लागतात, आणि सोळा केली की तेरा-चौदा लाख वर्षे. चिन्हे आणि आकडे कोंबून अवघड केलेला आखूड पासवर्ड आपल्याला आठवत नाही आणि यंत्राला अडवीत नाही. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहावेत. वरवंटा, मोसंबी, तहसील, गोधडी असे काहीतरी. हे चार मात्र घेऊ नयेत, ते आता छापले गेले. अभंगाची ओळ किंवा नातवाचे नाव व जन्मसाल हेही नको. मग एटीएमला चार आकडे कसे पुरतात, अशी शंका येईल. तेथे तीन चुका झाल्या की कार्ड अडते, म्हणून चोराला दहा हजार जुळण्या करून पाहण्याची संधीच मिळत नाही. पण एखाद्या संस्थेचे सारे दप्तरच चोरीला गेले तर चोर ते घरी नेऊन सवडीने तपासतो. तेव्हा लांबी उपयोगी पडते, आणि एका जागचा पासवर्ड दुसरीकडे न वापरण्याची शिस्त त्याहून अधिक उपयोगी पडते. इतके पासवर्ड लक्षात कसे ठेवावे? खुशाल वहीत लिहून कपाटात ठेवावे. परदेशात बसलेल्या चोराचा हात नागपुरातल्या लोखंडी कपाटापर्यंत पोहोचत नाही. ज्यांच्या घरातच अविश्वास आहे त्यांची गोष्ट वेगळी.

अंगठ्याची कथा मोठी गमतीची आहे. दोन-तीन पिढ्या आपण लोकांना सांगत आलो की अंगठा उठवू नका, सही करावयास शिका. 'अंगठाबहाद्दर' ही शिवी झाली. आता शिकलेले आणि न शिकलेले सारेच पुन्हा यंत्रावर अंगठा टेकवितात. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. काही राज्यांत जमिनीच्या नोंदणी झालेल्या दस्तांवरील ठसे उचलून, त्यांची नक्कल करून आधारवर चालणाऱ्या व्यवहारांतून पैसे काढल्याचे प्रकार उघडकीस आले. ह्यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. आधारच्या ॲपमधून किंवा संकेतस्थळावरून आपले ठसे 'बंद' करून ठेवता येतात आणि लागतील तेव्हा उघडता येतात. झेरॉक्स देताना शेवटचे चारच आकडे दिसणारी आधारची प्रत देता येते. आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत हे २०२३ पासून सरकारच्या 'संचार साथी' ह्या सेवेवर पाहता येते. ही कामे करावयास एक दुपार पुरे. नागपूरच्या उन्हाळ्यात बाहेर पडवत नाही अशा दुपारी आपल्याकडे पुष्कळ असतात.

एवढे करूनही फसलोच, तर लाजून घरात बसू नये, कारण वेळ हाच खरा पैसा असतो. चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून दहांत अशी पळत असते. १९३० ह्या राष्ट्रीय क्रमांकावर ताबडतोब कळविले तर वाटेतल्या खात्यात ती गोठविता येण्याचा संभव असतो. उद्या मुलगा आला की पाहू, असे म्हणण्यात तो निघून जातो. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने नियम घालून दिला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात तो सहकारी बँकांनाही लागू केला. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही अशा गैरव्यवहाराची बातमी ग्राहकाने बँकेची सूचना मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत दिली, तर त्याच्यावर भार नाही. चार ते सात दिवसांत दिली, तर भार मर्यादित. ग्राहकाने स्वतःच गुप्त आकडा सांगितला असेल तर कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे, पण कळविल्यानंतरचे बँकेचे. आणि दोष ग्राहकाचा होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर टाकलेली आहे. हे शेवटचे कलम पुष्कळांना ठाऊक नसते.

येथपर्यंतचा प्रदेश सामान्य माणसाच्या ताब्यातला. ह्यापुढचा तसा नाही.

११ आणि १३ ऑगस्ट २०१८ रोजी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. एटीएमच्या विनंत्यांना होकार-नकार देणाऱ्या यंत्रणेत चोरांनी शिरकाव केला आणि तिच्या जागी आपली तोतया यंत्रणा उभी केली. ती कोणालाही होकारच देई. नकली कार्डे घेऊन २८ देशांत माणसे एटीएमसमोर उभी होती, त्यांनी ७८ कोटी काढले. अडीच कोटी भारतातल्या यंत्रांतून गेले, आणि उरलेले १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यात वळते झाले. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा दिली, तरी कट रचणारे सूत्रधार त्यांत नव्हते. ह्या प्रकरणात ठेवीदाराने कोणती सावधगिरी बाळगावयास हवी होती? कोणतीच नाही. त्याचा पिन पन्नास आकडी असता तरी तोतयाने विचारलाच नसता. नुकसान बँकेने सोसले, ठेवीदारांच्या खात्यांना धक्का लागला नाही. पण ते त्याच्या दक्षतेमुळे नव्हे.

हीच गोष्ट आपण दुकानदार, दवाखाने, शाळा आणि ॲपवाले ह्यांना देत असलेल्या माहितीची. बिल करताना मोबाइल क्रमांक मागतात, आपण देतो. न दिला तर मागे उभी असलेली मंडळी चुळबुळ करतात. दुकानदाराने क्रमांकासाठी अडवू नये, असे केंद्राच्या ग्राहक खात्याने २०२३ च्या मे महिन्यात बजावले होते, आणि 'नाही' म्हणण्याची सवय करून पाहण्यासारखी आहे. परंतु जी माहिती एकदा गेली ती परत बोलावता येत नाही. तेथे कायदाच हवा. त्यासाठी २०२३ च्या ऑगस्टमध्ये कायदा झाला, त्याचे नियम यायला २०२५ चा नोव्हेंबर उजाडला, आणि बहुतेक कर्तव्यांना त्यापुढे आणखी अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. निष्काळजी संस्थेला २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याच कायद्यात सरकारला आपल्या यंत्रणांना सूट देण्याचाही अधिकार आहे. तेव्हा सावकारावर पहारा बसला, पण पहारेकऱ्यावर कोण, हा प्रश्न राहिलाच.

तो प्रश्न नागपूरच्या दारापर्यंत आलेला आहे. ६ जून २०१८ रोजी येथील वकील सुरेंद्र गडलिंग ह्यांना एल्गार परिषदेच्या प्रकरणात अटक झाली. त्यांच्या संगणकात सापडलेली पत्रे पुराव्यात दाखल झाली. पुढे बचावपक्षाच्या विनंतीवरून अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग ह्या संस्थेने त्या संगणकाच्या प्रतीची तपासणी केली. तिने २०२१ मध्ये असा निष्कर्ष काढला की 'नेटवायर' नावाच्या हेरप्रणालीच्या साहाय्याने कोणा अज्ञाताने वीस महिन्यांहून अधिक काळ त्या संगणकाचा ताबा मिळविला होता, आणि आक्षेपार्ह कागद बाहेरून त्यात ठेवले होते. सहआरोपी रोना विल्सन ह्यांच्या संगणकात हीच प्रणाली १३ जून २०१६ रोजी, ओळखीच्या माणसाच्या खात्यावरून आलेल्या ईमेलमधून शिरल्याचे त्याच संस्थेने सांगितले. राष्ट्रीय तपास संस्थेने हे निष्कर्ष मान्य केले नाहीत. आरोपांचे खरेखोटे ठरविणे न्यायालयाचे काम आहे आणि त्यावर येथे मत देण्याचे कारण नाही. आपल्यापुरता मुद्दा वेगळा आहे. नेटवायर ही काही दुर्मीळ वस्तू नव्हती, २०२३ मध्ये तिचे संकेतस्थळ जप्त होईपर्यंत ती उघड विकली जात असे. त्याहून महाग हत्यारे तर पत्र उघडण्याचीही वाट पाहत नाहीत. २०१९ मध्ये 'पेगॅसस' व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलमधल्या एका दोषातून, तो कॉल उचलला नाही तरी, फोनमध्ये शिरत असे. जगभरातल्या सुमारे १,४०० जणांवर ते वापरल्याचे कंपनीने सांगितले, आणि त्यांत भारतातले वकील व पत्रकारही होते. ज्याच्यावर असा नेम धरला जातो त्याला लांब पासवर्डाने काही होत नाही. फोनची प्रणाली वेळच्या वेळी नवी करीत राहिल्याने वाट थोडी अरुंद होते, एवढेच.

तेथे उपयोगी पडते ती दुसऱ्या प्रकारची मोहोर. संगणकातील साऱ्या मजकुराचे गणिताने एक छोटे टिपण काढता येते, त्याला 'हॅश' म्हणतात. मजकुरातील एक काना बदलला तरी ते टिपण पार बदलून जाते. पूर्वी पंचनाम्याच्या गाठोड्यावर लाख ओतून मोहोर उठवीत, त्याच जातीची ही मोहोर आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात हॅश नमूद करावा लागतो. म्हणजे जप्तीच्या वेळीच तो काढून घेतला असेल, तर पुढे कोणी हात घातल्यास ते उघडकीस येते. जप्तीच्या आधी आत काय ठेवले गेले, हे मात्र मोहोर सांगू शकत नाही. ते सांगावयास संपूर्ण प्रत लागते आणि ती वाचणारा तज्ज्ञ लागतो. नागपूरच्या ह्या प्रकरणात तसा अहवाल निघू शकला, तो आरोपीच्या बाजूला संगणकाची प्रत हाती मिळाली म्हणून. जप्त झालेल्या यंत्रातील मजकुराची प्रत मागण्याचा हा हक्क प्रत्येक आरोपीचा आहे, मग तो वकील असो, दुकानदार असो की शाळामास्तर.